लोण्यासारखे मऊ लंगोट

कापडानं लोणीकाकांना आयुष्यात कधी चकवलं नव्हतं. रेशमावर सांडलेली शाई, लग्नाच्या कोटावर ठिबकलेलं मेण, कॉलरीच्या आत वर्षानुवर्षं मुरलेला मळ, सगळं त्यांनी काढून दिलं होतं आणि वर "हे काय, काहीच नव्हतं" असं म्हणून गिऱ्हाइकालाच ओशाळं केलं होतं. पण त्या सकाळी ते लहान मुलांच्या वस्तूंच्या दुकानात उभे होते आणि त्यांना काही म्हणजे काही कळत नव्हतं. काउंटरवर डायपरचा ढीग पडला होता आणि त्यातला एक प्रकार त्यांना निवडायचा होता.

लोणीकाका हे नाव त्यांना गल्लीनं ठेवलेलं. त्यांची लाँड्री तळमजल्यावर होती. मागे धुण्याची दोन मोठी यंत्रं, पुढे इस्त्रीचं लांब टेबल, वर दांडीला लटकणारे लोकांचे कोट. धुण्याच्या शेवटच्या पाण्यात काका एक निळसर, दाट, सुवासिक सॉफ्टनर सोडत. त्याला ते 'लोणी' म्हणत. किती सोडायचं ते कॅनवर लिहिलेलं असे, पण काका कॅनचं ऐकत नसत, हात सांगेल तेवढं सोडत. त्यांच्याकडून आलेला टॉवेल हातात पडला की माणूस तो आधी गालाला लावून बघायचा. "लोण्यासारखं मऊ करून देतो," हे काकांचं पालुपद, आणि ते ऐकून ऐकून गल्लीनं त्यांनाच लोणी करून टाकलं. काकांना ते मनापासून आवडलं होतं.

बायको होती तोवर त्यांना एकच सल होता. घरचे टॉवेल ती दुकानात येऊ देत नसे. ती ते घरीच धुवायची, गॅलरीत उन्हात वाळवायची आणि मग ते असे खरखरीत व्हायचे की काकांना अंग पुसताना स्वतःच्या धंद्याची लाज वाटायची. "सगळं गाव माझ्याकडे कपडे टाकतं आणि माझ्या घरचे टॉवेल पापडासारखे?" असं ते चिडून म्हणायचे. ती हसून म्हणायची, "मला बाई खरखरीतच बरे वाटतात." यावर माणूस काय बोलणार? ती गेल्यावर घरचे टॉवेल आपोआप दुकानाच्या यंत्रात यायला लागले आणि लोण्यासारखे मऊ झाले. एवढंच, की तेव्हापासून काकांना अंघोळीनंतर अंग कसं कोरडं झाल्यासारखं वाटेना. सदरा पाठीला चिकटायचा. वय झालं, कातडीच ओली राहायला लागली असेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत काढली होती.

तर अशा माणसाला नात झाली. दुपट्यात गुंडाळलेली पोर पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिचं नाक तेवढं बाहेर होतं, शर्टाच्या बटणाएवढं. काकांनी तिथल्या तिथे तिचं नाव बटण ठेवलं, आणि खरं नाव कितीही चांगलं असलं तरी ते मग कुणाच्या तोंडी बसलं नाही.

लेकीची सुट्टी संपत आली. ती शहराच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. दिवसा बटणला कुठे ठेवायचं, असा प्रश्न निघाला. जावई लिफ्ट दुरुस्त करायचा, तो कधी कुठल्या इमारतीच्या कितव्या मजल्यावर अडकलेला असेल याचा नेम नसे. पाळणाघर होतं, चांगलं होतं. पण काकांनी ते नाव निघताच हात पुढे केला. "मी असताना पोर परक्यांकडे? दुकानाच्या मागची खोली रिकामी आहे. पाळणा टांगतो, मी बघतो."

लेकीनं बटणकडे पाहिलं. मग म्हणाली, "महिनाभर बघू बाबा. तुम्हाला झेपलं तर कायमचं. पण माझी एक अट आहे. प्लास्टिकचे डायपर नकोत."

ही अट काही कुठून तरी वाचून घातलेली नव्हती. गरोदरपणात ती शहराच्या कचरा डेपोजवळच्या विहिरीचं पाणी तपासायला गेली होती. तिथे वाऱ्यानं उघड्या पडलेल्या उतारावर तिनं डायपर पाहिले. गुंडाळलेले, फुगलेले, जसेच्या तसे. बरोबरचा माणूस सहज म्हणाला की यातले काही ज्यांचे असतील ती पोरं आता मिशीला वस्तरा लावत असतील. लेक त्या दिवशी घरी येऊन जेवली नाही. माझ्या पोरीचं एकही तिथे जाणार नाही, असं तिनं तेव्हाच ठरवलं होतं.

"काय घ्यायचं ते तुम्ही ठरवा," ती काकांना म्हणाली. "बदलायचे तुम्हाला आहेत."

आणि म्हणून काका त्या दुकानात उभे होते.

"हे बघा, हे बांबूचं," दुकानवाल्या बाई म्हणाल्या.

"बांबूचं? पोरीला टोचणार नाही?"

"बांबूचा धागा असतो हो. एकदम नैसर्गिक."

"म्हणजे यात प्लास्टिक नाही?"

"आतल्या थरात नाही. बाहेरचा थर प्लास्टिकचाच आहे."

काकांनी ते बाजूला ठेवलं. "आणि हे पान छापलेलं?"

"हे मातीत विरघळतं. पूर्ण."

"किती दिवसांत?"

"तसल्या खास खड्ड्यात टाकलं तर लवकर."

"तो खड्डा कुठे आहे?"

बाईंनी थोडा विचार केला. "आपल्याकडे नाही तसा खड्डा."

"मग हे विरघळायला कुठे जायचं?"

"ते काही पाकिटावर लिहिलेलं नाही," बाई म्हणाल्या. मग त्यांनी खालच्या फळीवरून एक गठ्ठा काढला. "हे कापडी. बाहेरून पाणी न झिरपणारं आवरण आणि आत सुती घड्या. ओली झाली की घडी काढायची, दुसरी घालायची. पण एक सांगते, हे धुवायला लागतं. म्हणून लोक नको म्हणतात."

धुवायला लागतं! एखाद्या वस्तूत खोट असावी तसं त्यांनी ते सांगितलं. काकांना क्षणभर वाटलं, तिथेच आनंदानं दोन्ही हात वर करून उभं राहावं.

पण घरी गेल्यावर जावयानं पुन्हा गोंधळ उडवून दिला. "बाबा, धुवायला पाणी लागतं. यंत्राला वीज लागते. साबण गटारात जातो. सगळं धरलं तर कापडीही काही धुतल्या तांदळाचे नाहीत." काकांना हे पटलं. मग लेक म्हणाली की एकच घडी वर्षानुवर्षं वापरली, दुसऱ्या मुलालाही झाली, तर कापडीच बरं पडतं. काकांना हेही पटलं. शेजारच्या न्हाव्याला त्यांनी विचारलं, तर तो म्हणाला, "उघडंच ठेव तिला. पर्यावरणाला याहून चांगलं काय असणार?" आणि गंमत म्हणजे तेही त्यांना पटलं. ज्याच्याशी बोलावं तो बरोबर, असा विचित्र प्रकार चालला होता. शेवटी काकांनी डोक्याचा विचार सोडला आणि हाताला विचारलं. हात म्हणाला, कापड.

"धुण्याचं माझ्यावर सोड," लेक दुकानात आली तेव्हा ते तिला म्हणाले. "असे मऊ लंगोट या गावात कुठल्या पोराच्या नशिबी नसतील."

इस्त्रीच्या टेबलापाशी मावशी उभ्या होत्या. या मावशी काकांकडे इस्त्री करून करून म्हाताऱ्या झाल्या होत्या. त्यांनी काही बोलायला तोंड उघडलं, मग लेकीकडे पाहिलं, लेकीनं मावशींकडे पाहिलं, आणि मावशी पुन्हा बाहीवरून इस्त्री फिरवू लागल्या.

घड्यांचे दोन संच घेतले. एक लेकीच्या घरी राहायचा, तो ती धुणार. दुसरा दुकानात, तो काका धुणार. पहिल्या धुण्याला काकांनी यंत्रात दुसरं काही घातलं नाही, सगळं यंत्र नातीच्या घड्यांना. शेवटच्या पाण्यात लोणी सोडताना त्यांचा हात नेहमीपेक्षा सैल सुटला. घड्या वाळल्या, काकांनी त्या गालाला लावल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. ढगात हात घातल्यासारखं वाटत होतं.

बटणनं पहिल्याच दिवशी त्या ढगांचं काय केलं ते सांगतो.

तिनं शू केली. घडी बघावी तर वरवर दमट, आणि तिचा झबला ओला, दुपटं ओलं, काकांची मांडी ओली. आवरण नीट बसलं नसेल म्हणून काकांनी ते घट्ट केलं. मग पाणी पाठीच्या बाजूनं वर गेलं. दोन घड्या लावल्या, तर दुपटं दोन्ही बाजूंनी भिजलं. एवढ्याशा पोरीत एवढं पाणी येतं कुठून आणि घडीला टाळून जातं कसं, काकांना उलगडेना. त्यांनी खाली वाकून बघितलं, उताणी ठेवून बघितलं, कुशीवर ठेवून बघितलं. बटणला हा खेळ फार आवडला. ती पाय झाडून हसायची आणि हसता हसता पुन्हा शू करायची.

कापड कडक पडलं असेल, असं काकांच्या मनात आलं. कडक कापड शोषणार कसं? त्यांनी शेवटच्या पाण्यात लोणी वाढवलं. गळती वाढली. त्यांनी लोणी आणखी वाढवलं.

दुकानवाल्या बाईंशी जाऊन ते भांडले. बिचाऱ्या बाईंनी घड्या बदलून दिल्या, जास्त जाड दिल्या आणि हळूच विचारलं, "काका, धुता कशात?"

"मला विचारता?" काकांचा पारा चढला. "धुता कशात, हे मला विचारता? आयुष्य गेलं माझं धुण्यात!" आणि ते तरातरा निघून आले. धुण्यावरून कुणी शब्द काढला की काकांचं हे असं व्हायचं. एरवी माणूस खरंच लोण्यासारखा.

सगळ्यात मोठं कोडं वेगळंच होतं. लेकीच्या घरी तेच लंगोट गळत नव्हते. तीच कंपनी, जाडी उलट कमीच, आणि तीच बटण. शनिवार-रविवार पोर ठणठणीत कोरडी.

"असं कसं होतं गं?" काकांनी विचारलं.

लेक पिशवी भरत होती. मान वर न करता म्हणाली, "घरी ती कमी शू करत असेल."

"शू काय जागा बघून करते का कुणी?"

"असेल काहीतरी, बाबा."

मग बटणच्या मांड्यांच्या सांध्यात लाल चट्टे उठले. डॉक्टरांनी मलम दिलं आणि सांगितलं, ओलं ठेवू नका. काकांना वाटलं, अहो, मी ठेवतोय का? ते सारखे घडी बदलत होते, गिऱ्हाइकाचे कपडे तसेच टाकून धावत होते, एकदा तर कुणाच्या पँटीवर इस्त्री विसरून धावले. मावशींनी धूर पाहिला म्हणून पँट वाचली. आणि तरी रोज संध्याकाळी लेक यायची, पोर उचलायची, तिच्या पाठीवरून हात फिरवायची, आणि तो हात ओला व्हायचा. ती काही बोलायची नाही. तिनं बोलावं, रागवावं, असं काकांना वाटायचं. तिचं ते न बोलणं त्यांना सोसत नव्हतं.

त्या गुरुवारी ती बोलली.

"बाबा, तुमची फार दमणूक होतेय. सोमवारपासून आपण पाळणाघर बघू या."

"मी दमलोय असं म्हटलं का मी?"

"तसं नाही. पण बघू ना थोडे दिवस."

"ते लोक तुझे कापडी लंगोट वापरतील?"

लेकीनं बटणचं टोपडं सारखं केलं. "नाही. ते घेत नाहीत कापडी. साधे डायपर द्यायला सांगितलेत."

काका तिच्याकडे बघतच राहिले. "आणि तो कचरा डेपो? तो उतार? तू जेवली नव्हतीस त्या दिवशी!"

"असू दे," ती दाराकडे वळत म्हणाली. "एवढं काय त्यात."

ती गेल्यावर काका स्टुलावर बसून राहिले. आपण नालायक ठरलो हे त्यांना कळत होतं. पोर हातातून चालली हेही कळत होतं. पण ज्या गोष्टीसाठी या मुलीनं सगळ्या घराला भंडावून सोडलं होतं, ती तिनं एका 'असू दे'मध्ये सोडून दिली, हे काही केल्या डोक्यात शिरेना. बापावरचा विश्वास असा किती उडाला असेल? एका लंगोटावरून?

शुक्रवार उजाडला. बटणचा दुकानातला शेवटचा दिवस. काकांनी तिला पाळण्यात घालून आपलं नेहमीचं गाणं म्हटलं आणि ती चटकन झोपली. दुपारी मावशी जेवायला घरी गेल्या होत्या. बटण जागी झाली तेव्हा बघतात तर एकही घडी वाळलेली नाही. काही यंत्रात फिरत होत्या, काही दोरीवर ठिबकत होत्या. पोर उघडी, पाय झाडतेय. काकांनी इकडे तिकडे पाहिलं. इस्त्रीच्या टेबलाच्या कडेला मावशींचा फडका होता. जुन्या चादरीचा चौकोन, कपडे दमट करायला मावशी तो वापरत. तो त्या स्वतः नळाखाली धुवायच्या, वाळवायच्या, घडी घालून ठेवायच्या. "टाका ना यंत्रात," असं काका एकदोनदा म्हणालेही होते, तर मावशी म्हणाल्या होत्या, "राहू दे, माझी सवय आहे." स्वच्छ होता, कोरडा होता. आणि खरखरीत तर असा, की नातीच्या अंगाला लावताना काकांच्या जिवावर आलं. "आजच्या दिवस चालवून घे गं बाई," असं म्हणत त्यांनी तो चौपदरी करून आवरणात बसवला.

मग ते वाट बघत बसले. नेहमीच्या वेळेला झबला भिजेना. त्यांनी हात लावून बघितला. कोरडा. दुपटं कोरडं. हिनं शूच केली नाही की काय? तब्येत बिघडली? घाबरून त्यांनी आवरण सोडलं. फडका ओलाचिंब, जड झाला होता. पिळला तर धार लागली. आणि बटणच्या मांड्या कोरड्या होत्या.

काका बुचकळ्यात पडले. त्यांनी दोरीवरची एक घडी इस्त्रीखाली कोरडी केली, टेबलावर पसरली आणि मावशींची पाणी फवारायची बाटली घेऊन तिच्यावर पाणी मारलं. पाण्याचे थेंब घडीवर गोल होऊन उभे राहिले. काकांनी घडी तिरकी केली. थेंब ओघळून टेबलावर गेले. घडी होती तशी होती.

त्यांनी फळीवरून धुतलेला टॉवेल घेतला. पाणी मारलं. ओघळलं. दुसरा घेतला. हातरुमाल घेतला. शेवटी सॉफ्टनरच्या कॅनमध्ये बोट बुडवलं, बोटावर बोट घासलं, नळाखाली धरलं. पाणी बोटावरून घरंगळून गेलं. तेलकट, मेणचट काहीतरी बोटाला बसलं होतं. लोणीच ते. मऊ करता करता त्यानं धाग्याचं तोंडच बंद केलं होतं. एवढी वर्षं ते लोकांना टॉवेल म्हणून जे देत होते ते गालाला लावायला छान होतं, पुसायला नव्हतं.

आणि मग, पाणी हळूहळू चढावं तसं, एकेक त्यांच्या लक्षात येऊ लागलं. अंघोळीनंतर पाठीला चिकटणारा सदरा. गॅलरीत वाळणारे ते टॉवेल. मला बाई खरखरीतच बरे वाटतात.

"अगं," काका रिकाम्या दुकानात मोठ्यानं म्हणाले.

टेबलाखालचा मावशींचा दुसरा फडका बटणला लावून, तिला कडेवर घेऊन ते शेजारी गेले. न्हावी आरशापुढे स्वतःच्याच मिशा कातरत होता. त्याचे टॉवेल पूर्वी काकांकडे यायचे. मग एकदा त्यानं सांगितलं की लहान यंत्र घेतलंय, घरीच धुतो.

"खरं सांग," काका म्हणाले. "टॉवेल का बंद केलेस?"

"यंत्र घेतलं म्हणून. सांगितलं होतं ना."

"पाणी शोषत नव्हते म्हणून?"

न्हाव्यानं कात्री खाली ठेवली. "तुला कोणी सांगितलं?"

"म्हणजे खरं आहे!"

"आता कळलंच आहे तर सांगतो. गिऱ्हाइकाचं तोंड पुसलं की या गालावरचं पाणी त्या गालावर जायचं. लोक म्हणायचे वास किती छान आहे, आणि ओल्या तोंडानं घरी जायचे."

"मग मला बोलायला काय झालं होतं तुला?"

"बोलणारच होतो. तुझी बायको आली होती. हात जोडले तिनं मला. म्हणाली, भावजी, यंत्र घेतलं असं सांगा. धुण्यावरून कुणी काही म्हटलं की ते फार मनाला लावून घेतात." न्हावी ओशाळून हसला. "यंत्र मी नंतर घेतलं रे. आधी महिनाभर हातानंच धुतले."

काका परत फिरले. दुकानात मावशी आल्या होत्या. टेबलावरचं पाणी, टॉवेल, बटणच्या अंगातला आपला फडका, सगळं त्यांनी एका नजरेत पाहिलं आणि मान खाली घातली. त्यांनाही माहीत होतं. म्हणजे सगळ्या गल्लीला माहीत होतं, एक लोणीकाका सोडून.

संध्याकाळी लेक आली ती पाळणाघराच्या डायपरचं पाकीट पिशवीत घेऊनच. काकांनी तिला पोर दिली नाही. घडी टेबलावर ठेवली आणि तिच्यावर पाणी मारलं.

लेकीनं ओघळणारे थेंब पाहिले. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य उमटेल, असं काकांना वाटलं होतं. ते उमटलंच नाही.

"तुलाही माहीत होतं," काका म्हणाले.

लेकीनं पिशवी खाली ठेवली.

"कधीपासून?"

"टॉवेलांचं लहानपणापासून," ती खाली बघत म्हणाली. "घड्यांचं पहिल्या आठवड्यात आलं लक्षात."

"पहिल्या आठवड्यात! आणि मी इथे पोरीला उलटीपालटी करून बघतोय! त्या दुकानवाल्या बाईशी भांडून आलो मी! पोरीच्या अंगावर चट्टे उठले तरी तू बोलली नाहीस?"

"चट्टे उठले म्हणूनच तर तिला न्यायचं ठरवलं," लेक म्हणाली आणि तिला रडूच फुटलं. "आईनं सांगितलं होतं. म्हणाली होती, बाबांना काहीही बोल, धुण्यावरून बोलू नकोस. त्यांचं तेवढंच आहे. मी रोज यायचे ती आज सांगायचं असं ठरवून. आणि तुम्ही ती घडी माझ्या गालाला लावायचात."

काकांना आता राग आला, आणि कुणाचा आला ते त्यांनाच कळेना. बायकोचा, तर ती नव्हती. लेकीचा, तर ती समोर रडत होती. "म्हणजे मला वाईट वाटू नये म्हणून तू माझी नात काढून घेत होतीस," ते म्हणाले. "मला वाईट वाटू नये म्हणून! आणि तिचे डायपर त्या उतारावर टाकणार होतीस. कुणी शिकवलं तुम्हाला हे असलं प्रेम? एक शब्द बोलायचा होता. मी चिडलो असतो, दोन दिवस जेवलो नसतो, चारचौघांत अद्वातद्वा बोललो असतो. मग केलं असतं ना नीट!"

"तुम्ही केलं असतं?"

काकांनी विचार केला. खरं सांगायचं तर त्यांनाही खात्री नव्हती.

बटणनं आईला पाहून हात पसरले. काकांनी ती देऊन टाकली. लेकीनं सवयीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला, मग तो हात उलटा करून बघितला. कोरडा होता.

"आणखी काय काय आहे?" काका स्टुलावर बसत म्हणाले.

"म्हणजे?"

"मला सांगितलेलं नाही असं. एकदाच काय ते सांगून टाक."

लेकीनं नाक ओढलं. मावशींकडे पाहिलं. मावशींनी इस्त्री उभी करून ठेवली.

"दूध फार गरम करता," लेक म्हणाली.

"बरं."

"तिला झोपवताना गाता ना, ते थांबावं म्हणून ती झोपते."

"हे तू बटणला विचारलंस?"

"मी लहानपणी तशीच झोपायचे, बाबा."

मावशींना हसू आवरेना. त्यांनी तोंडाला पदर लावला. काकांनाही हसायला आलं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते थांबेना. त्यांनी हाताला लागला तो फळीवरचा टॉवेल घेऊन तोंड पुसलं. टॉवेल मऊ होता, सुवासिक होता, आणि डोळ्यांचं पाणी त्यानं व्यवस्थित गालभर पसरवलं.

लेकीनं पिशवीत हात घातला. पाळणाघराचं पाकीट बाजूला सारून तळातून एक घडी काढली, तिच्या घरची, तिनं नुसत्या पावडरीत धुवून उन्हात वाळवलेली. "हे घ्या," ती म्हणाली.

काकांनी नातीच्या लंगोटाची घडी तोंडावर धरली. खरखरीत होती, गालाला चांगली लागली. पण एका पुसण्यात तोंड कोरडं झालं. बायको गेल्यापासून पहिल्यांदा.

ती घडी त्यांनी तोंडावरून काढली नाही. मग आतूनच त्यांनी विचारलं, "दुकानातल्या घड्यांतलं हे लोणी निघेल का गं?"

"गरम पाण्यात दोन-तीनदा धुतल्या तर निघेल. शेवटच्या पाण्यात काही घालायचं नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही, बाबा."

हे ऐकायला त्यांना जड गेलं, ते लपलं नाही. पण उठून त्यांनी दोरीवरच्या घड्या एकेक करून काढल्या आणि पुन्हा यंत्रात टाकल्या. लेक बटणला घेऊन दारापर्यंत गेली, थांबली, परत आली आणि पिशवीतल्या कोरड्या घड्यांची चवड काढून इस्त्रीच्या टेबलावर ठेवली.

"सोमवारी हिला आणते," ती म्हणाली. "आणि दूध कोमट करा."